काँक्रीटच्या भिंतींचे घर आणि भिंतीवरचा ॲक्सेस पॉइंट: निवड कशी करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पश्चिम भागातील एका नव्या टॉवरमध्ये आपला तीन बेडरूमचा फ्लॅट आहे. फायबरचा राउटर मुख्य दाराशेजारी, चपलांच्या कपाटावर बसवून दिलेला आहे. हॉलमध्ये वेग उत्तम मिळतो, परंतु ज्या टोकाच्या बेडरूममध्ये आपण दिवसभर कामाला बसता, तिथे दार लावले की व्हिडिओ मीटिंग तुटते. दुकानदाराने जास्त अँटेनांचा राउटर सुचवला, एका परिचिताने रिपीटर सुचवला, आणि आपल्या मनात भिंतीवर बसणारा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे राउटरला केबलने जोडून त्या जागी वाय-फाय देणारे छोटे उपकरण, आहे. तो कोणता घ्यावा आणि एक पुरेल का, असे आपण विचारले आहे.

आपल्या मनातला पर्याय योग्य आहे. मात्र मॉडेल ठरवण्याचे काम शेवटी येते. त्याआधी घराच्या भिंती कशाच्या आहेत, केबल कुठून नेता येईल आणि वापर नेमका कोणत्या खोलीत आहे, या तीन गोष्टी ठरल्या की मॉडेलची निवड बरीचशी आपोआप होते. हा क्रम उलटा झाला, तर महागातले उपकरणही चुकीच्या भिंतीवर बसते आणि तक्रार तशीच राहते.

प्रथम भिंतीविषयी. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ टॉवरचे बांधकाम ॲल्युमिनियमच्या फॉर्मवर्कने होते. बोलीत त्याला सरसकट मायवान म्हणतात. या पद्धतीत भिंती विटांनी बांधत नाहीत. स्लॅबसोबतच त्या सळईची जाळी घालून काँक्रीटमध्ये ओततात. त्यामुळे घराच्या आतल्या भिंतीसुद्धा आरसीसीच्या असतात. आपल्या घरी असे आहे का, हे ओळखणे सोपे आहे. तसबीर लावण्यासाठी साधा खिळा ठोकून पाहिल्यास विटेच्या भिंतीत तो शिरतो. मायवानच्या भिंतीत तो वाकतो आणि हॅमर ड्रिल मागवावे लागते. आपण लिहिलेली लक्षणे पाहता आपले घर याच प्रकारचे असावे, असे मला वाटते. प्लॅस्टर केलेली साडेचार इंची विटेची भिंत वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरींतून साधारण ५ ते १० डेसिबल खाते, तर सळईच्या काँक्रीटची भिंत १५ ते २५ डेसिबलपर्यंत खाऊ शकते. घरागणिक हे आकडे बदलतात, परंतु १० डेसिबल म्हणजे शक्तीचा दहावा भाग उरणे आणि २० डेसिबल म्हणजे शंभरावा भाग उरणे, एवढे लक्षात ठेवले तरी अशा दोन भिंतींपलीकडे काय पोहोचत असेल याची कल्पना येते. शिवाय लहर भिंतीतून तिरकी जात असेल तर तिला जाडी अधिक लागते. लंबापासून ६० अंशांच्या कोनात गेल्यास ही जाडी दुप्पट होते. दाराशेजारच्या राउटरपासून टोकाच्या बेडरूमकडे जाणारी रेषा घराच्या नकाशावर आखून पाहा. ती बहुधा कर्णासारखी, दोन-तीन भिंती तिरक्या कापत जाणारी असेल, आणि वाटेत स्वयंपाकघरातला फ्रीज किंवा लोखंडी कपाटही येत असेल.

म्हणूनच जास्त अँटेनांचा राउटर आपला प्रश्न सोडवणार नाही. वाय-फाय हा दुतर्फा संवाद आहे. राउटरने कितीही मोठ्याने सांगितले, तरी फोनचे उत्तर त्याला ऐकू यावे लागते. फोनची प्रक्षेपणशक्ती साधारण १५ डीबीएम, म्हणजे ३० मिलिवॉटच्या आसपास असते आणि राउटर बदलल्याने ती वाढत नाही. फोनवर सिग्नलच्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि तरीही मीटिंगमध्ये आपला आवाज तुटतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. रिपीटरचा दोष वेगळा आहे. तो जे ऐकतो तेच पुढे पाठवतो, आणि एकाच रेडिओवर ऐकणे व बोलणे दोन्ही करणाऱ्या रिपीटरमध्ये हवेतला निम्मा वेळ या दुहेरी कामात जातो. त्यातून तो काँक्रीटच्या भिंतीमागे ठेवला, तर त्याच्या हाती मुळात दुबळाच सिग्नल लागतो.

आपल्यासारख्या घरात उपाय एकच टिकाऊ आहे: जिथे काम चालते त्याच खोलीत, केबलने जोडलेला, माफक शक्तीचा ॲक्सेस पॉइंट. भिंत भेदण्याचे काम तांब्याच्या तारेवर सोपवावे आणि रेडिओला एका खोलीपुरतेच काम द्यावे. माझ्या मते बाकी सर्व निर्णय यातून निघतात.

आता केबलविषयी, कारण अडचण इथेच येते आणि घाईही इथेच होते. हॉलमध्ये आणि प्रत्येक बेडरूममध्ये टीव्ही किंवा टेलिफोनसाठी दिलेली एखादी प्लेट आपल्याकडे असेलच. ती पेचकसाने उघडून आत पाहा. टेलिफोनची बारीक, दोन जोड्यांची तार किंवा टीव्हीची जाड काळी केबल आत दिसेल, आणि ती ज्या पाइपातून येते तो बहुतेक वेळा दाराशेजारच्या लो-व्होल्टेज बॉक्सपर्यंत किंवा डक्टपर्यंत गेलेला असतो. ती तार दुसऱ्या टोकाला हाताने ओढून पाहावी. ती सहज सरकली, तर तिलाच नवी केबल बांधून ओढून घेता येते. अडकली, तर इलेक्ट्रिशियनकडून स्प्रिंग टाकून पाइप मोकळा आहे का हे पाहून घ्यावे. पाइप १९ मिलिमीटरचा असेल आणि त्यात आधीच दोन केबल असतील, तर सुमारे ६ मिलिमीटर जाडीची कॅट-६, म्हणजे नेटवर्कची केबल, वळणावर अडते. अशा वेळी न वापरातली टीव्हीची केबल काढून टाकणे हाच मार्ग असतो. पाइप नसल्यास झिरी मारण्याचा मोह टाळावा, कारण मायवान घरातल्या भिंती इमारतीचा भार घेतात आणि त्यांत झिरी मारल्यास सळई उघडी पडते. बांधकाम व्यावसायिक आणि सोसायटी दोघेही याला मनाई करतात, आणि ती मनाई रास्त आहे. केसिंग पट्टीतून, स्कर्टिंगच्या कडेने केबल नेणे दिसायला थोडे कमी नीटस असते, पण निर्धोक असते. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र ही केबल कधीही नेऊ नये.

केबल विकत घेताना ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे स्वतः तपासावे. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबलही कॅट-६ म्हणूनच विकली जाते. एका तारेचे टोक सुरीने खरवडले असता आत पांढुरका धातू दिसला, तर ती केबल परत करावी. अशी तार वीज वाहताना अधिक तापते, व्होल्टेज अधिक पडते, आणि वाकवल्यावर लवकर तुटते. ॲक्सेस पॉइंटला वीजही याच केबलमधून द्यायची असल्याने हा मुद्दा दुय्यम नाही. घरातल्या अंतरांसाठी तांब्याची कॅट-५ई, म्हणजे कॅट-६ च्या आधीची केबलसुद्धा एक गिगाबिटला पुरेशी आहे. मुलाम्याच्या कॅट-६ पेक्षा मी ती केव्हाही पसंत करेन.

आता आकाराची निवड. भिंतीवरचा ॲक्सेस पॉइंट या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे स्विचबोर्डाच्या प्लेटसारखा दिसणारा, भिंतीतल्या बॉक्सवर बसणारा आणि खालच्या कडेला दोन ते चार नेटवर्क पोर्ट असलेला प्रकार. दुसरा म्हणजे गोल तबकडीसारखा, मुळात छतासाठी केलेला, पण भिंतीवरही स्क्रूने लावता येणारा प्रकार. दोन्हींची अँटेना निराळ्या हेतूने बनवलेली असते. तबकडी छताला असताना आपली बरीचशी ऊर्जा आडवी आणि खाली पसरवते. तीच भिंतीवर उभी लावली, की आडवा पसारा उभा होतो आणि ऊर्जेचा मोठा भाग वरच्या व खालच्या मजल्यांकडे जातो. एकाच खोलीपुरते काम असेल तर याने फारसे बिघडत नाही. परंतु फ्लॅटमध्ये तो भाग शेजाऱ्यांच्या वाट्याला जातो आणि त्यांचा गोंगाट आपल्या वाट्याला येतो. प्लेटचा प्रकार समोरच्या बाजूस अधिक आणि पाठीमागे कमी देतो. म्हणून प्लेट कोणत्या भिंतीवर बसते यापेक्षा ती कोणत्या दिशेला तोंड करून बसते, याकडे अधिक लक्ष द्यावे. कामाचे टेबल तिच्या समोर असावे, आणि तिच्यापुढे सोफा, टीव्ही, पडद्यामागचा आरसा किंवा लोखंडी कपाट नसावे. जमिनीपासून फूटभर उंचीच्या जुन्या टेलिफोन पॉइंटवर ती बसवली, तर पलंगाचा बॉक्स आड येतो. शक्य असल्यास स्विचबोर्डच्या उंचीचा, म्हणजे चार-साडेचार फुटांवरचा बॉक्स वापरावा.

आपल्या बाबतीत मी प्लेटचाच प्रकार सुचवेन, आणि त्यामागचे खरे कारण खालचे पोर्ट हे आहे. कामाचा लॅपटॉप किंवा डॉक, खोलीतला टीव्ही आणि प्रिंटर हे तिथेच केबलने जोडले, की हवेतला भार तेवढा हलका होतो आणि उरलेला वाय-फाय फोनसाठी मोकळा राहतो. एकाच केबलमधून खोलीत वाय-फायही येतो आणि तीन-चार पोर्टही मिळतात. दुसरी केबल पाइपात शिरत नसेल अशा घरात याचे मोल फार आहे. उलट आपले घर विटेच्या भिंतींचे असते आणि तिन्ही बेडरूमची दारे एका पॅसेजमध्ये उघडत असती, तर मी पॅसेजच्या छताला एकच तबकडी लावायला सांगितले असते. पीओपीचे फॉल्स सीलिंग लहरींना फारसे अडवत नाही, त्यामुळे त्याचीही चिंता नसते.

खरेदीपूर्वी एक माप मात्र अवश्य घ्यावे. बहुतेक प्लेट ॲक्सेस पॉइंट ८६ मिलिमीटरच्या चौकोनी बॉक्ससाठी किंवा अमेरिकी पद्धतीच्या उभ्या बॉक्ससाठी केलेले असतात. ८६ मिलिमीटरच्या बॉक्समध्ये दोन स्क्रूंच्या छिद्रांमधले अंतर साधारण ६० मिलिमीटर असते. आपल्याकडच्या मॉड्युलर बॉक्सची छिद्रे त्याच्याशी जुळतीलच असे नाही. फूटपट्टीने छिद्रांमधले अंतर आणि बॉक्सची खोली मोजावी. केबलला वळायला आणि कनेक्टरला बसायला मागे जागा लागते. जुळत नसल्यास भिंतीबाहेर बसणारा उथळ बॉक्स मिळतो आणि तो स्वीकारार्ह आहे. बाहेरच्या भिंतीतला, पावसाळ्यात ओल धरणारा बॉक्स मात्र यासाठी वापरू नये.

विजेचा हिशेब हा पुढचा टप्पा. हे ॲक्सेस पॉइंट नेटवर्क केबलमधूनच वीज घेतात, त्याला पीओई म्हणतात. ८०२.३एएफ या मानकात उपकरणाला १२.९५ वॉटपर्यंत वीज मिळते, आणि ८०२.३एटी मध्ये २५.५ वॉटपर्यंत. साध्या वाय-फाय ६ (वाय-फायची सहावी पिढी) प्लेटला बहुधा पहिले पुरते. परंतु प्लेटच्या एखाद्या पोर्टवरून पुढे कॅमेऱ्यालाही वीज द्यायची असेल, तर दुसरेच लागते. स्विच घेताना केवळ पोर्ट मोजू नयेत, एकूण किती वॉट मिळतात ते पाहावे. तेरा-तेरा वॉटचे तीन ॲक्सेस पॉइंट म्हणजे ३९ वॉट झाले, त्यात कॅमेरा मिळवला तर ६० वॉटच्या आसपासचा स्विच हवा. जुन्या काही उपकरणांसोबत येणारा २४ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर मात्र या मानकांत बसत नाही. तो उपकरणाशी कुठलीही बोलणी न करता तारेत सरळ वीज सोडतो, त्यामुळे तो इतर उपकरणाला लावू नये. या व्यवस्थेचा एक मोठा लाभ वीज गेल्यावर कळतो: फायबरचा राउटर आणि पीओई स्विच एका छोट्या यूपीएसवर ठेवले, की घरातले सर्व ॲक्सेस पॉइंट चालू राहतात.

खोक्यावरच्या आकड्यांविषयी थोडक्यातच सांगतो. एएक्स१८०० म्हणजे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे १२०१ मेगाबिट यांची बेरीज करून वर ढकललेला आकडा. कोणत्याही एका फोनला तो मिळत नाही. ५७४ हा आकडाही ४० मेगाहर्ट्झची रुंदी गृहीत धरतो, टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर इतकी रुंदी वापरणे अयोग्य आहे, कारण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत. आपले कनेक्शन ३०० मेगाबिटचे असेल, तर दोन अँटेनांचा वाय-फाय ६ ॲक्सेस पॉइंट एका खोलीला पुरून उरतो. वाय-फाय ७ साठी जादा पैसे देण्यापेक्षा त्याच पैशात दुसऱ्या खोलीतही एक प्लेट बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण वाय-फाय ७ चा मोठा लाभ ज्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मिळतो, त्याच्या लहरी आपल्या भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झपेक्षाही लवकर दमतात.

मॉडेलची नावे उदाहरणादाखल देतो. टीपी-लिंकचा ईएपी६१५-वॉल हा तीन खालचे पोर्ट असलेला वाय-फाय ६ प्लेट प्रकार आहे आणि तो कंट्रोलरशिवाय, म्हणजे सगळे नग एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय किंवा उपकरणाशिवाय, स्वतंत्रपणेही चालवता येतो. एक-दोन नगांच्या घराला मी त्याच वर्गातले उपकरण सुचवतो. युबिक्विटीचा यू६ इन-वॉल अधिक ताकदीचा, ५ गिगाहर्ट्झवर चार अँटेनांचा आहे, पण त्याला ८०२.३एटी वीज लागते आणि त्याची पूर्ण क्षमता कंट्रोलर असल्यावरच मिळते. अरुबा इन्स्टंट ऑनचा एपी२२डी टेबलावर किंवा भिंतीवर दोन्हीकडे ठेवता येतो, त्यामुळे बॉक्स जुळत नसेल तिथे तो सोयीचा ठरतो. कोणताही घ्या, पण भारतात अधिकृतपणे विकला जाणारा, डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची, मंजुरी असलेला आणि ज्याचे नवे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्याप येत आहे असाच घ्या. परदेशातून आणलेल्या नगात चॅनेल आणि शक्तीची मांडणी त्या देशाची असू शकते, आणि वॉरंटीही इथे चालत नाही.

किती नग लागतील? आपण पाठवलेल्या वर्णनावरून दोन: एक टोकाच्या बेडरूममध्ये, दुसरा उरलेल्या दोन बेडरूमपैकी जिथे मुलांचा अभ्यास चालतो तिथे. हॉलसाठी सध्याचा राउटर ठेवावा, फक्त तो चपलांच्या कपाटाच्या आत नसून वर, मोकळा आहे ना ते पाहावे. नवे दोन्ही नग ॲक्सेस पॉइंट म्हणूनच चालवावेत, राउटर म्हणून नव्हे. आयपी पत्ते वाटण्याचे काम घरात एकाच उपकरणाने करावे, अन्यथा प्रिंटर एका जाळ्यात आणि लॅपटॉप दुसऱ्या जाळ्यात अशी अवस्था होते. सगळीकडे वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवावा. चॅनेल मात्र वेगळे द्यावेत: ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदीने एकाला ३६ ते ४८ चा गट, दुसऱ्याला १४९ ते १६१ चा. काँक्रीटच्या भिंती इथे आपल्या उपयोगी पडतात, कारण हॉलमधल्या राउटरला टोकाच्या खोलीतलाच गट पुन्हा दिला तरी सहसा अडचण येत नाही.

शक्ती पूर्ण ठेवू नये, हे अनेकांना पटत नाही, म्हणून कारण सांगतो. एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्याकडे कधी जायचे, हे फोन स्वतः ठरवतो. हॉलमधला राउटर जोरात बोलत राहिला, तर बेडरूममध्ये शिरलेला फोन त्यालाच चिकटून राहतो आणि हाताशी असलेल्या प्लेटकडे वळत नाही. ५ गिगाहर्ट्झची शक्ती मध्यम ठेवावी आणि २.४ ची तिच्याहून ६ डेसिबलने कमी. म्हणजे फोन आपसूक ५ गिगाहर्ट्झ निवडतो. ८०२.११के आणि व्ही या, फोनला योग्य ॲक्सेस पॉइंट निवडायला मदत करणाऱ्या सुविधा चालू ठेवाव्यात. एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्याकडे झटपट जाण्यासाठीच्या ८०२.११आर या सुविधेमुळे काही जुनी उपकरणे जोडली जात नाहीत, त्यामुळे ती शेवटी, एकेक उपकरण तपासून चालू करावी.

हाच विचार कोकणातल्या किंवा गोव्यातल्या जांभ्याच्या घराला लागू होतो. तिथल्या जाड भिंती पावसाळ्यात ओल धरतात आणि पाणी लहरी शोषते, त्यामुळे मे महिन्यात केलेली चाचणी जुलैत खरी ठरत नाही. तिथे अंगणापलीकडच्या खोलीत किंवा गोठ्याकडे जोडणी न्यायची असेल, तर तांब्याची केबल नेऊ नये. जवळपास वीज पडली की तिच्यातून येणारा झटका दोन्हीकडची उपकरणे जाळतो. दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावे.

घर भाड्याचे असेल आणि केबल टाकणे अशक्यच असेल, तर तीन रेडिओंचा मेश संच, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या नगांचा संच, हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय आहे, कारण त्यात एक रेडिओ नगांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखलेला असतो. त्यातला दुसरा नग बेडरूमच्या आत न ठेवता, हॉलमधला राउटर जिथून सरळ दिसतो अशा पॅसेजच्या टोकाला ठेवावा.

बसवून झाल्यावर इलेक्ट्रिशियनला निरोप देण्यापूर्वी दोन मोजमापे घ्यावीत. कामाच्या टेबलावर, दार लावून, फोनवरच्या सिग्नल मोजणाऱ्या ॲपमध्ये उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला, म्हणजे उणे ६० किंवा उणे ५० कडे सरकणारा आकडा दिसावा. एकाच खोलीत तो सहज दिसतो. त्यानंतर लॅपटॉप प्लेटच्या खालच्या पोर्टला केबलने जोडून वेग तपासावा. आपले कनेक्शन ३०० मेगाबिटचे असताना आकडा ९४ च्या आसपास येऊन थांबला, तर दोष ॲक्सेस पॉइंटचा नसतो. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात आणि एखादी जोडी नीट बसली नसेल तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरते. दोन्ही टोकांचे कनेक्टर उघडून, तारांच्या रंगांचा क्रम दोन्हीकडे ५६८बी या मानकाप्रमाणेच आहे ना ते पाहून, जोडणी त्याच वेळी पुन्हा करून घ्यावी.